स्वामीजींचा तो आवाज कोणाचा?

१२ जानेवारी जवळ आली की शाळांच्या पटांगणांतून आणि मंडळांच्या व्यासपीठांवरून एक ध्वनिमुद्रण हमखास ऐकू येते. पूर्वी ते कॅसेटवरून येई, पुढे सीडीवरून, आता भ्रमणध्वनीवरून येते. धीरगंभीर स्वर, सुस्पष्ट इंग्रजी उच्चार, आणि निवेदन असे की, ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी केलेल्या भाषणाचा हा मूळ आवाज. श्रोते उभे राहतात, कोणाच्या डोळ्यांत पाणी तरळते. ती भावना निखालस खरी आहे. आवाज मात्र स्वामीजींचा नाही.

हे कटू वाटले तरी सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी कोणा पंडिताच्या साक्षीची गरज नाही. त्या काळचे यंत्र कसे चालत असे एवढे पाहिले तरी पुरे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला. १८९३ पर्यंत त्यात कथिलाच्या पत्र्याच्या जागी मेणाचे नळकांडे आले होते. पण ध्वनी टिपण्याच्या कामी विजेचा उपयोग अद्याप कोणास साधला नव्हता. बोलणाऱ्याने कर्ण्याशी तोंड नेऊन मोठ्याने बोलायचे. त्या लहरींनी कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात चर कोरायची. सुई हलवण्याचे सारे बळ यायचे ते वक्त्याच्या कंठातून. तो दूर सरकला की मेणावर काही धड उमटत नसे. शिवाय एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटे मावत. मग हजारो श्रोत्यांनी भरलेल्या कोलंबस सभागृहात, व्यासपीठावर उभ्या असलेल्या वक्त्याचे भाषण इतके स्वच्छ टिपणार कोण आणि कशाने? क्षीण विद्युत्संकेत वाढवू शकणारी ट्रायोड नलिका १९०६ सालची. मायक्रोफोन लावून तबकडी कोरण्याची पद्धत व्यवहारात आली ती १९२५ साली.

शिकागोच्या त्या जागतिक प्रदर्शनात ध्वनिमुद्रण मुळी झालेच नाही, असे नव्हे. बेंजामिन गिलमन यांनी तेथे जावा, फिजी आदी प्रदेशांतून आलेल्या कलावंतांचे संगीत मेणावर उतरवून घेतले. पण ते कलावंतांना कर्ण्यासमोर आणून.

यावर ठरलेले उत्तर असते, ‘भाव शुद्ध असेल तर बिघडले कुठे?’ बिघडते ते असे. इतिहासाच्या वादात प्रतिपक्षाकडे अस्सल साधनांची मागणी करणाऱ्यांच्याच हाती नकली साधन सापडले, तर त्यांच्या खऱ्या पुराव्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि ज्या संन्याशाने धर्मालाही बुद्धीच्या कसोटीवर उतरावे लागेल असे परदेशात ठासून सांगितले, त्याच्याच नावाने हे चालावे? आता तर यंत्राला कोणाचाही आवाज शिकवता येतो. आज ही एक ध्वनिफीत डोळे मिटून स्वीकारणारा उद्या स्वामीजींच्या तोंडी घातलेले भलतेसलते कोणत्या तोंडाने नाकारणार?

स्वामीजींचा आवाज कधी टिपला गेला नव्हता काय? गेला होता. १८९२ साली म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी तो फोनोग्राफवर घेतल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. मात्र ते मुद्रण पुढे अस्पष्ट झाले. मेणाचा स्वभावच तसा. दर वेळी ऐकताना सुई तोच चर थोडा थोडा झिजवते, बुरशीचे भय निराळेच. त्याहून चटका लावणारी गोष्ट कलकत्त्याची. ४ जुलै १९०२ रोजी स्वामीजींनी बेलूर मठात देह ठेवला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, नोव्हेंबरात, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग त्याच शहरात आपले यंत्र मांडून बसले आणि गौहरजान यांचे गाणे त्यांनी तबकडीवर घेतले. ते आजही ऐकता येते.

स्वामीजींचे शब्द उरले ते यंत्रामुळे नव्हे. शिकागोची भाषणे परिषदेच्या, बॅरोज यांनी संपादित केलेल्या द्विखंडी वृत्तांतात छापली गेली. नंतरच्या व्याख्यानांचे श्रेय मुख्यतः जे. जे. गुडविन या इंग्रज लघुलेखकाचे. १८९५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये तो पगारी म्हणून आला आणि शिष्य होऊन राहिला. कर्मयोगावरील व्याख्याने त्याने टिपली. १८९७ साली स्वामीजींसमवेत भारतात आल्यावर कोलंबोपासूनच्या दौऱ्यातील भाषणेही टिपली. बोलण्याच्या वेगाने लघुलिपीत लिहायचे आणि मग ते सारे पुन्हा पूर्ण अक्षरांत उतरवायचे, असे ते काम. २ जून १८९८ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो उटकमंड येथे वारला.

त्या पानांपैकी एखादे पान १२ जानेवारीला कोणा विद्यार्थ्याकडून खणखणीत आवाजात वाचून घेता येईल. आणि ते ध्वनिमुद्रण लावायचेच असेल, तर निवेदकाने ‘अन्य व्यक्तीच्या आवाजात’ एवढे शब्द आधी उच्चारावेत.