मुसळाला हात कुणाचा?

रिह्यात एका घरी हळद होती. अंगणात जातं मांडलेलं, मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधलेलं. पाच सवाष्णी पुढे आल्या, ओव्या सुरू झाल्या. नवरीची आई मात्र मागच्या दारी चुलीपाशी. नवरा गेल्यावर भातशेती आणि दोन म्हशींवर तिनं ही पोर वाढवली, बारावीपर्यंत शिकवली. लग्नाचं कर्जही तिच्याच नावावर. मी तिला पुढे न्यायला गेले, तर म्हणाली, "नको ताई, पोरीचं वाईट व्हायला नको." माझं समाजकार्याचं सगळं शिक्षण तिथं गप्प बसलं.

झालीलाही तेच. कणकेचे दिवे लावलेली टोपली सासरच्यांच्या डोक्याला टेकवून मुलगी सोपवायची, ती सोपवली चुलता-चुलतीनं.

लग्नातल्या वस्तूंवर आपण चळवळीतल्या बाया बोलतो ते बहुधा मंगळसूत्राबद्दल : घालावं की नाही. मला वाटतं, वस्तू बिचाऱ्या गरीब असतात. कोरियात नवरदेव सासूला लाकडी रानहंस देतो, जन्मभर जोडीनं राहणारा पक्षी म्हणून. सासूसासरे नवरीच्या ओच्यात बोरासारखी लाल फळं टाकतात. ती म्हणजे मुलगे! आपली ओटी आणि 'अष्टपुत्रा' आठवली ना? तेव्हा वस्तूचा अर्थ काय यापेक्षा तिला हात लावायची मुभा कुणाला, हे आधी विचारलं पाहिजे.

सत्यशोधकांनी १८७३ साली भटाशिवाय लग्न लावून दाखवलं. हळदीला तर भट लागतच नाही. तिथं सगळा कारभार बायकांचा, आणि विधवेला मागच्या दारी बसवणाऱ्याही आपणच. हे कबूल करायला जड जातं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, मागोमाग शासनाचं परिपत्रकही निघालं. ते चांगलंच झालं. पण परिपत्रक मांडवात येऊन कुणाला मुसळापाशी बसवत नाही.

आमच्या गटातल्या एकीच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तीही विधवा. पाच जणींत तिनं बसावं का, यावर दोन बैठका झाल्या. म्हाताऱ्या ऐकत नाहीत, आणि तिची स्वतःचीही हिंमत होत नाही. लेकीनं मात्र सांगून टाकलंय : आईनं दळली नाही तर ती हळद मी अंगाला लावणार नाही.