हेरिटेज फक्त बिलातच?

मंडळी, जरा स्पष्टच लिहितो. आपल्या ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानवर चढला, मग तिथे बंगले नि हॉटेलं झाली. नेरळची छोटी गाडी आली १९०७ मध्ये. आता त्या जुन्या बंगल्यांत जेवायला बसा. उंच छत, आरामखुर्च्या, काळे-पांढरे फोटो. आणि ताटात? पनीर बटर मसाला, मंचाव सूप! हे तर आमच्या बाळकुम नाक्यावरही मिळतं की, निम्म्या पैशात.

मे महिन्यात बाहेर ठाकर-कातकरी बाया करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या, आत डेझर्टला डब्यातला अननस. नाचणीची भाकरी मागितली तर वेटर म्हणाला, "सर, ती स्टाफसाठी असते." म्हणजे डोंगराचं जेवण मागच्या दाराने!

"पब्लिकच पनीर मागतं" हे मालकांचं ठरलेलं उत्तर. अहो, कार्डावर दुसरं काही छापलंत कधी? गाड्यांना बंदी, सामान घोड्यावरून वर येतं, खर्च होतो, मान्य. पण करवंदं दारातच पिकतात, त्यांना कुठलं घोडाभाडं?

पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी भाकरी मागा. नाही म्हणाले तर रिव्ह्यूत तेवढंच लिहा.