गिझर बाथरूमबाहेर काढा

बोईसर-तारापूरच्या माणसाला वायूची भीती नव्याने शिकवावी लागत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात नायट्रोजनची गळती झाली आणि चार कामगार दगावले. नायट्रोजनला ना रंग, ना वास. म्हणून तर कारखान्यात बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आतला ऑक्सिजन मोजावा, लेखी परवाना घ्यावा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा, असा दंडक आहे. तो कुठे पाळला जातो आणि कुठे धाब्यावर बसवला जातो, यावर इथे नेहमी वाद होतात. पण पाळी संपवून घरी आलेला तोच कामगार चार बाय सहाच्या बाथरूममध्ये शिरतो, आतून कडी लावतो आणि डोक्याशी पेटलेल्या गॅस गिझरखाली आंघोळ करतो. तिथे कुणी काही मोजत नाही.

हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम एलपीजी जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर हवेतला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. धोका लक्षात येईपर्यंत कडी काढायचंही त्राण उरत नाही.

‘वास आला असता तर कळलं असतं’ हा समज इथेच घात करतो. सिलिंडरमधल्या गॅसला उग्र वास मुद्दाम दिलेला असतो. तो गॅस जळून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्मही त्यासाठी नसतो. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर तर इथे फसवतोच: कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही तो ऑक्सिजनयुक्त समजतो आणि आकडा ठीकठाक दाखवतो.

जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी अशीच बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावली. त्याच महिन्यात नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले, ते उठलेच नाहीत. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत आढळलं, तेव्हाही पोलिसांचा संशय गिझरवरच होता. यातल्या कुणी काही जगावेगळं धाडस केलं नव्हतं.

प्रत्येक घटनेनंतर सल्ला मात्र आंघोळ करणाऱ्यालाच मिळतो: खिडकी उघडी ठेवा, बादली भरून गिझर बंद करा. सल्ला चुकीचा नाही, पण पहाटेची पाळी गाठणाऱ्या माणसाच्या आठवणीवर जीव टांगून ठेवणं ही काही सुरक्षाव्यवस्था नव्हे. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार न्हाणीघरात गॅसचं उपकरण बसवायचंच असेल, तर ते बाहेरची हवा घेणारं आणि धूर बाहेरच सोडणारं, खोलीशी संबंध नसलेलं असावं लागतं. आपल्याकडे सर्रास विकले जाणारे छोटे गिझर धुराच्या नळीविनाच येतात. त्यांना बाथरूममध्ये जागाच नसावी.

बाहेर बसवणं अवघड नाही. गिझर मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावायचा, गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्यायचा. चारही बाजूंनी बंद डक्टमध्ये लावला, तर धूर वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून आत शिरेल. एक्झॉस्ट फॅनवर विसंबणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की दाराखालून किंवा जाळीतून ताजी हवा आत येणार नसेल, तर पंखा नुसता फिरत राहतो.

बोईसरमधल्या कितीतरी कामगारांचा संसार भाड्याच्या खोलीत असतो. भिंतीला भोक पाडायचं तरी घरमालकाला विचारावं लागतं. म्हणून जबाबदारीही मालकाचीच हवी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या घरात गॅस बॉयलरसारखं कायमचं बसवलेलं उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. पालघर नगरपरिषदेला आणि बोईसर परिसरातल्या ग्रामपंचायतींना कायदा बदलता येणार नाही. पण थंडीआधी भाड्याच्या खोल्यांची पाहणी करणं, बाथरूममधल्या गिझरबद्दल मालकांना लेखी सूचना देणं त्यांच्या हातात आहे. बसवून देणाऱ्या दुकानदारानेही बाथरूमच्या आत गिझर लावायला सरळ नकार द्यावा.

तोवर कुणी आत कोसळलंच, तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा. डॉक्टरांना ‘चक्कर आली’ एवढंच सांगू नका. गॅस गिझर चालू होता, हे आवर्जून सांगा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.