पावाचे सोवळे

नाशिकच्या स्वयंपाकघरात व्हिएतनामी 'बान्ह मी' करणे ही नुसती नक्कल होय, असा शेरा दोन विरुद्ध दिशांनी ऐकू येतो. एका बाजूचे खवय्ये म्हणतात, तो लांबट फ्रेंच पाव आणि डुकराचे मांस नसेल तर ते अस्सल नव्हे. दुसऱ्या बाजूचे संस्कृतिरक्षक विचारतात, मिसळीच्या गावात हे परके खूळ हवे कशाला? आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकच सोवळे नेसून उभे आहेत.

अस्सल म्हणजे कोणते? फ्रेंच अमदानीत पाव, कलेजीचे पाते आणि थंड मांसाच्या चकत्या बशीत वेगवेगळ्या वाढल्या जात. 1954 साली व्हिएतनामची फाळणी झाली, उत्तरेकडची माणसे सायगॉनला आली, आणि तिथे हा सारा ऐवज पावाच्या पोटात गेला. जोडीला मुळा-गाजराचे आंबटगोड लोणचे, कोथिंबीर, मिरची. ज्याला मूळ संहिता म्हणून पूजले जाते तेच मुळात रूपांतर आहे!

संस्कृतिरक्षकांची गोष्ट याहून गमतीची. मिसळीसोबतचा पाव पोर्तुगीजांचा, तर्रीतली मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आलेली. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य ओढवले होते. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते. पण रोटीबंदीची बेडी तोडा, असे बजावणारेही तेच. त्यांचा पहिला आग्रह तेवढा सोयीस्करपणे लक्षात राहतो.

आणि आपण साहित्याचे लोक? याच गावच्या शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' केला, त्यावर आपण वर्गात रूपांतराचे सिद्धान्त मांडतो. तेच काम कुणी ओट्यापाशी केले की त्याला नक्कल म्हणायचे, हा कुठला न्याय?

रूपांतर फसू शकते, हे मान्य. केचप आणि चीज भरलेल्या पावाला 'बान्ह मी' म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. कस लागतो तो घटकांच्या परस्परनात्याचा: कुरकुरीत कवच, स्निग्ध मांस, त्याला छेद देणारा आंबटपणा. लादीपाव मऊ पडतो. ब्रून मिळाला तर उत्तम, एरवी पाव चिरून तव्यावर खरपूस करावा. मुळा आणि गाजर काड्यांसारखे चिरून मीठ, साखर, व्हिनेगरमध्ये तासभर मुरवावे. डुकराच्या मांसाचा 'चा लुआ' तिथे केळीच्या पानात गुंडाळून शिजवतात; आपल्याकडे पानगी थापणाऱ्या हातांना हे नवे नाही. कोंबडीचा खिमा घेतला तरी चालेल. तो बर्फासारखा थंड असतानाच बारीक वाटावा, नाहीतर रवाळ राहतो आणि चकत्या फुटतात. शिजलेला गोळा रात्रभर गार होऊ द्यावा आणि सकाळी पातळ कापावा.