देवाचे भय कोणी बाळगायचे?

१/ ख्रिस्ती धर्माच्या शब्दसंग्रहात ‘देवाचे भय’ या शब्दांची जितकी विटंबना झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची झाली असेल. एका पक्षाने त्यांचा चाबूक केला आणि तो दुर्बळांच्या पाठीवर चालवला. दुसऱ्या पक्षाला त्या चाबकाची लाज वाटली, म्हणून त्याने ‘भय म्हणजे केवळ आदर हो’ असे सांगून शब्दातला जीवच काढून घेतला. हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत, असे माझे प्रतिपादन आहे. त्यासाठी आपल्याला चौथ्या शतकातल्या मिलान नगरात जावे लागेल.

२/ प्रथम शब्दाचा विचार करू. हिब्रू ‘यिरा’ या शब्दात थरकापही आहे आणि पूज्यभावही आहे. ग्रीक भाषेत ‘फोबॉस’ आहे, तो तर सरळसरळ भयवाचक. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी ‘आदर’ हा सोयीचा शब्द हाताशी असताना ‘भय’ हाच शब्द ठेवला, आणि ते योग्यच केले. आदर आपण गुरुजींचा करतो, शेजारच्या वडीलधाऱ्यांचा करतो. आदराने कोणाचा उगारलेला हात थांबल्याचे इतिहासात फारसे आढळत नाही.

३/ इ.स. ३९०. थेसलोनिका येथे बुथेरिक नावाच्या सेनाधिकाऱ्याने एका लोकप्रिय रथ-शर्यतपटूला कैदेत टाकले. त्याच्या सुटकेसाठी जमाव उसळला आणि दंगलीत बुथेरिक मारला गेला. बातमी मिलानला सम्राट थिओडोशियसकडे पोहोचली. राजा बोले, दळ हाले! सूडाची आज्ञा सुटली आणि सैनिकांनी नगरवासीयांची सरसकट कत्तल केली. पुढच्या शतकातला इतिहासकार थिओडोरेट मृतांचा आकडा ७,००० देतो. आकडा वादग्रस्त असला तरी कत्तल निर्विवाद आहे.

४/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा सम्राट पाखंडी नव्हता. अवघ्या १० वर्षांपूर्वी, इ.स. ३८० मध्ये, याच थेसलोनिकेतून त्याने निकियाप्रणीत ख्रिस्तमत हाच साम्राज्याचा धर्म असल्याचा आदेश काढला होता. प्रजेने कोणता विश्वास धरावा हे त्याने ज्या नगरातून सांगितले, त्याच नगरात त्याने रक्ताचा सडा घातला. श्रद्धा शुद्ध होती, कागदपत्रे चोख होती. उणे होते ते एकच, भय.

५/ मिलानचा बिशप अम्ब्रोझ सम्राटाच्या भेटीला गेला नाही. प्रकृतीचे निमित्त करून तो नगराबाहेर राहिला आणि तेथून त्याने स्वहस्ते एक पत्र लिहिले. ते फक्त सम्राटाने वाचावे असे होते. मजकुराचा आशय इतकाच : दावीद राजाने पाप केले आणि कबूल केले, तूही कर. तोवर तू उपस्थित असताना मी वेदीवर यज्ञ अर्पू शकत नाही. ते पत्र आजही उपलब्ध आहे.

६/ बिशप चर्चच्या दारात हात आडवा करून सम्राटाला रोखतो आहे, हे रुबेन्सच्या चित्रामुळे गाजलेले दृश्य मात्र थिओडोरेटच्या लेखणीतून आलेले आहे. ते तसेच घडले असे आजचे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. मला विचाराल तर खरी घटना त्या चित्राहून मोठी आहे. चारचौघांत अपमान नाही, आरडाओरडा नाही. एक खासगी पत्र, आणि ते वाचणाऱ्याच्या मनात जागे झालेले भय.

७/ थिओडोशियसने राजचिन्हे उतरवली आणि भर चर्चमध्ये, प्रजेच्या देखत, अश्रू ढाळून पश्चात्ताप केला. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, असे आपण म्हणतो. येथे ते चालले, कारण सत्तेच्याही वर कोणीतरी हिशेब मागणारा आहे, हे त्या सत्ताधाऱ्याला मनोमन पटले होते. ज्याच्याजवळ सैन्य आहे, त्याने केवळ ‘आदरा’पोटी असे गुडघे टेकले असते काय?

८/ येथेच थांबलो असतो तर ही गोष्ट गोडगोड झाली असती. पण दोनच वर्षे मागे चला. इ.स. ३८८. युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावी ख्रिस्ती जमावाने तेथल्या बिशपच्या चिथावणीने यहुद्यांचे सभास्थान जाळले. थिओडोशियसने न्याय्य आदेश दिला : बिशपने स्वखर्चाने ते पुन्हा बांधून द्यावे.

९/ आणि हाच अम्ब्रोझ त्या आदेशाविरुद्ध उभा राहिला. त्याने पत्र लिहिले. तेवढ्याने भागले नाही तेव्हा सम्राटासमोर प्रवचन केले, आणि कारवाई थांबवण्याचे वचन मिळेपर्यंत वेदीकडे जाण्यास नकार दिला. अखेर सम्राट नमला. ज्यांचे प्रार्थनास्थळ जळाले, त्यांच्या पदरी राख आली.

१०/ तोच बिशप, तोच सम्राट, तेच शस्त्र. एकदा देवाच्या भयाने खुन्याला रडवले. एकदा देवाच्या नावाने जाळपोळ करणाऱ्याला वाचवले. जे म्हणतात ‘भय हे धर्माचे अमृत’, त्यांनी ३८८ वाचावे. जे म्हणतात ‘भय म्हणजे धर्माचे विष’, त्यांनी ३९० वाचावे. फरक भयाच्या तीव्रतेत नव्हता. भय कोणाला घातले आणि त्यामुळे संरक्षण कोणाला मिळाले, यात होता.

११/ हा भेद करण्याची सामग्री ख्रिस्ती परंपरेतच आहे. अम्ब्रोझकडूनच इ.स. ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीनने भयाचे दोन प्रकार सांगितले : गुलामाचे आणि निर्मळ. त्याचा दृष्टांत असा की, व्यभिचारी पत्नीला पती येईल याचे भय असते. पतिव्रतेला तो निघून जाईल याचे. दृष्टांत त्या काळाचा आहे, पण मर्म लख्ख आहे. गुलामाला शिक्षेची भीती. प्रेम करणाऱ्याला दुराव्याची. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हाच भेद अधिक बारकाईने मांडला आणि अपत्याच्या मनातल्या भयाला सर्वोच्च स्थान दिले.

१२/ तरीही चाबूक सुटला नाही. आपल्याच शेजारी, गोव्यात, इन्क्विझिशन इ.स. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली मोजकी वर्षे वगळता, चालू राहिले. आरोप कोणी केला हे आरोपीला सांगितले जात नसे. घरातल्या जुन्या चालीरीतीही गुन्हा ठरत. जो न्यायाधीश आरोपीला अंधारात ठेवतो, त्याला स्वतःला देवाचे भय होते असे कोणी म्हणू नये. त्याच्याजवळ भयाचा कारखाना होता, भय नव्हते.

१३/ ‘देवभय माणसाला गुलाम करते’ या बुद्धिवादी आक्षेपाला बायबलमधल्या निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात उत्तर आहे. फारोने शिप्रा व पुवा या सुइणींना आज्ञा केली की इब्री मुलगे जन्मताच मारावेत. त्यांनी मारले नाहीत. कारण ग्रंथकार एकच देतो : त्या देवाला भीत होत्या. त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य राजाला दोन सुइणींनी जुमानले नाही, ते भयाच्या अभावामुळे नव्हे. फारोहून मोठे भय त्यांच्या मनात होते, म्हणून.

१४/ मराठीत आपण म्हणतो, जनाची नाही तरी मनाची तरी लाज बाळगावी. देवाचे भय हे त्या मनाच्या लाजेचे ख्रिस्ती नाव आहे. ते दुसऱ्याला घालता येत नाही, स्वतःलाच बाळगावे लागते. व्यासपीठावरून दुसऱ्यांकडे बोट दाखवून केलेला त्याचा उच्चार ही निव्वळ धमकी होय.

१५/ म्हणून यापुढे कोणी धर्मोपदेशक ‘देवाला भ्या’ असे गरजला, तर त्याला आपण दोन प्रश्न विचारावेत. हे वाक्य तू बलवानाला ऐकवतो आहेस की दुबळ्याला? आणि ते ऐकून वाचणार कोण आहे, थेसलोनिकेतला माणूस की कॅलिनिकमचा जाळपोळ करणारा? उत्तर देताना त्याची जीभ अडखळली, तर समजावे की त्या सभागृहात देवाच्या भयाची सर्वाधिक गरज त्यालाच आहे.