‘ताबा सुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

४ एप्रिल २०२५, शुक्रवारची सकाळ. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या महिला शेतमजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामाला निघाल्या होत्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, आलेगाव शिवारात तो ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्यानं भरलेल्या विहिरीत कोसळला. सात जणींचा जीव गेला, तिघांना बाहेर काढता आलं. पंतप्रधान सहायता निधीतून प्रत्येकी दोन लाख आणि राज्य सरकारकडून पाच लाख रुपयांची मदत जाहीर झाली. पुढाऱ्यांनी शोक व्यक्त केला, स्टेटसवर मेणबत्त्या लागल्या आणि आठवड्याभरात हळदीचा हंगाम पुन्हा सुरळीत सुरू झाला.

अशा प्रत्येक बातमीत एक ठरलेलं वाक्य असतं : ‘चालकाचा ताबा सुटल्याने अपघात झाला.’ हे वाक्य वाचलं की आपण पुढच्या बातमीवर जातो, कारण सगळं कळलं असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातून काहीच कळत नाही. ताबा का सुटतो? कोणाच्या हातून सुटतो? आणि सुटला, तर मरतं कोण? हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या तुमच्यासाठी हे प्रश्न परके नाहीत. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी ट्रॅक्टर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या स्टेअरिंगवर बहुधा तुम्हीच असता.

चालवता येतं, पण शिकलो कधी?

स्वतःला विचारून बघा, ट्रॅक्टर चालवायला तुम्हाला कोणी शिकवलं? काकानं, मोठ्या भावानं, नाहीतर सालगड्यानं. म्हणजे काय शिकवलं? क्लच, गिअर, रेस आणि नांगर खाली-वर करणं. तो उलटतो कसा, हे सहसा कोणी सांगत नाही.

जगात दुसरीकडं काय चालतं, याचं एक उदाहरण घ्या. बर्फाळ देशांत स्नोमोबाईल नावाचं वाहन असतं. गुलमर्गच्या रील्समध्ये पर्यटक त्यावर बसलेले तुम्ही पाहिले असतील. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या माणसाला सार्वजनिक जागेत ते चालवायचं असेल, तर सुरक्षिततेचा कोर्स करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या वाहनाला एक दोरीही असते. तिचं एक टोक चालकाच्या अंगावरच्या कपड्याला आणि दुसरं इंजिनच्या स्विचला. चालक खाली पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. बहुतेकदा हौसेसाठी चालवल्या जाणाऱ्या वाहनाची तिथं एवढी काळजी. आपला ट्रॅक्टरही रस्ता सोडून चिखलात, धुऱ्यावर, उतारावर चालणारंच वाहन आहे, आणि त्यावर घर चालतं. पण लायसन्स निघालं की शिक्षण संपलं, असं आपण धरून चालतो. ते तरी प्रत्येकाकडं असतं का?

ट्रॅक्टर घ्यायला बँक कर्ज देते, अवजारांना कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून अनुदान मिळतं. शेतीयंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी यांसाठी केंद्र सरकारची संस्था मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून आहे. तशाच संस्था हरियाणात हिसारला, आंध्रात गार्लदिन्नेला आणि आसाममध्येही आहेत. महाराष्ट्रात मात्र या मालिकेतली एकही नाही. यंत्र दारात आलं, शिकवणारा आला नाही.

दीड सेकंदाचं गणित

आता थोडं फिजिक्स. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी, अंग उंच आणि पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर डुलणारा. त्यामुळं चार चाकं असूनही त्याचा तोल तिकाटण्यावर सांभाळला जातो : मागची दोन चाकं आणि पुढची मधली पिन. वजनाचा मध्य या त्रिकोणाबाहेर गेला, की ट्रॅक्टर आडवा.

वळणावर वेग दुप्पट केला, की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. मडगार्डवर दोघं बसले, की वजनाचा मध्य आणखी वर जातो. पावसानं भिजलेल्या पांदण रस्त्याची कड वरून घट्ट दिसते आणि चाकाखाली ढासळते. त्यासाठी सोपा नियम आहे : नाला किंवा चर जितका खोल, निदान तितकं अंतर त्याच्या काठापासून ठेवायचं. विहिरीच्या बाबतीत तर त्याहून लांबच राहायचं.

मागं उलटण्याचा प्रकार जास्त फसवा. मागची चाकं चिखलात रुतली आहेत, फिरत नाहीत. तुम्ही रेस वाढवून क्लच झटक्यात सोडला. चाकं जागची हलत नाहीत, म्हणून इंजिनचा जोर ट्रॅक्टरचं अंगच मागच्या अ‍ॅक्सलभोवती फिरवतो आणि तोंड वर उचललं जातं. ट्रॅक्टर पूर्ण उलटा व्हायला साधारण दीड सेकंद पुरतो. माणसाला धोका कळून पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणून रुतल्यावर पुढं रेटायचं नाही. रिव्हर्समध्ये हळू काढून बघायचं, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून घ्यायचं. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावायची. चाकाला लाकूड बांधून बाहेर काढायची युक्ती तर कधीच नको.

स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती मजबूत संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. पुढच्या काही दशकांत तिथं ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळपास नाहीसे झाले. सांगाडा आणि सीटबेल्ट एकत्र असले, की ट्रॅक्टर उलटला तरी माणूस त्याखाली चिरडत नाही. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून उघडेच आहेत. ऊन लागू नये म्हणून लावलेलं छत म्हणजे सांगाडा नव्हे, हे लक्षात ठेवा. नवा ट्रॅक्टर घ्यायची चर्चा घरात निघाली, तर म्युझिक सिस्टीमच्या आधी सांगाड्याची किंमत विचारा.

ट्रॉलीत ब्रेक नसतो

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. त्यातही मागच्या ब्रेकला दोन पॅडल असतात, कारण शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक लागतो. रस्त्यावर येताना दोन्ही पॅडल पट्टीनं जोडून घ्यावी लागतात. ती पट्टी उघडी राहिली आणि घाईत एकाच पॅडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी गरकन फिरतो. मागची भरलेली ट्रॉली ढकलत राहते आणि दोन्ही एकमेकांत घडी झाल्यासारखे मुडपतात. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याच्या हातातून तर इंजिनचा ब्रेकही गेलेला असतो. बातमीतलं ‘ताबा सुटला’ अनेकदा इथं घडलेलं असतं, आणि त्याची सुरुवात सकाळी घरातून निघतानाच झालेली असते.

उसाच्या हंगामात वसमतकडच्या रस्त्यांवर रात्री फिरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत आहे. मागचा लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेले आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती ट्रॉली दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो. तो दुचाकीवाला बऱ्याचदा तुमच्याच वयाचा असतो.

कायदा काय म्हणतो, शिवार काय म्हणतं

१९८९ च्या रस्ते नियमांमध्येच लिहिलं होतं, की चालकानं ट्रॅक्टरवर दुसऱ्या कोणाला बसवू नये. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हातात वाहन दिलं आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि २५ हून अधिक माणसं गेली. तेव्हाही ‘ट्रॉलीतून माणसं नेऊ नका’ असं आवाहन झालं होतं.

पण फक्त ‘नेऊ नका’ म्हणून भागत नाही. सकाळी सातला शिवारात पोचायचं असेल, तर एसटी तिथं जात नाही. टेम्पोचं भाडं रोजंदारीतून परवडत नाही. ट्रॉलीला नाही म्हटलं, तर त्या बाईचा दिवस बुडतो. ती बसते ती हौसेनं नाही.

आणि नुकसानभरपाई? शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं अपघात अनुदानाची योजना आहे, मृत्यू झाला तर दोन लाख. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी. सातबाऱ्यावर कुटुंबातल्या कोणाचंच नाव नसलेली मजूर बाई त्यात बसत नाही. विम्याचंही तसंच. शेतीकामाचा विमा काढलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर वीटभट्टीच्या कामातला मजूर जखमी झाल्याचं प्रकरण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. विमा कंपनी जबाबदार नाही, असं न्यायालयानं मानलं. मजुराची परिस्थिती पाहून मात्र कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी बोजा कुठं आला? ट्रॅक्टरच्या मालकावर. ही गोष्ट घरात वडिलांना सांगा. दुसरं काही पटलं नाही, तरी हे नक्की पटेल.

रीलवाला शौक

तरुणांच्या ट्रॅक्टरप्रेमाचीही एक बाजू आहे. पुढची चाकं उचलून उभा केलेला ट्रॅक्टर, मागं दणक्यात गाणं, लाखभर व्ह्यूज. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबात एका ग्रामीण मेळ्यात असाच स्टंट करताना एका तरुणाचा ट्रॅक्टरखाली मृत्यू झाला आणि तिथल्या सरकारनं अशा स्टंटवर बंदी घातली. उचललेल्या पुढच्या चाकांचं फिजिक्स वर आलंच आहे. राहिला आवाजाचा प्रश्न. फुल्ल आवाजात गाणं सुरू असताना ट्रॉलीतल्या बाईची ‘थांब’ ही हाक चालकाला ऐकू येत नाही.

चावी फिरवण्याआधी

रोजची पाच मिनिटं पुरतात. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का आणि पट्टी जोडलेली आहे का, हे बघा. टायरमधली हवा, चाकांचे नट आणि स्टेअरिंगचा ढिलेपणा तपासा. ट्रॉलीच्या पिनेला लॉक लावा, जोडीला साखळी ठेवा. मागचे लाईट आणि रिफ्लेक्टर फडक्यानं पुसून घ्या.

ट्रॅक्टर सुरू करायचा तो सीटवर बसून, न्यूट्रलमध्ये. खाली उभं राहून स्टार्टरला पाना टेकवून सुरू केलेला ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर मागचं चाक थेट तुमच्या अंगावर येतं. उचललेल्या नांगराखाली किंवा रोटाव्हेटरखाली काम करायचं असेल, तर आधी ते जमिनीवर टेकवा किंवा खाली भक्कम आधार द्या. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

सोयाबीनची मळणी असो की हळदीचं पॉलिश, पीटीओ शाफ्टजवळ साडीचा पदर, ओढणी, गमछा असं काहीच लोंबतं नको. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. पदर अडकला तर ओढून घ्यायला वेळच नसतो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं असेल, तर यंत्र लावण्याआधी ते बदला. मळणी यंत्रांमुळं इतके हात गेले होते, की १९८३ मध्ये देशाला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला.

आणि मजूर ट्रॉलीत असतीलच, तर निदान एवढं करा. उभं कोणी राहणार नाही, मडगार्डवर आणि हुकावर कोणी बसणार नाही, वेग सायकलइतका. विहीर, अरुंद पूल, निसरडा चढ आला, की सगळ्यांना उतरवा, ट्रॅक्टर पुढं काढा, मग पुन्हा बसवा. याला पाच मिनिटं जास्त लागतील. यामुळं ट्रॉली कायदेशीर होत नाही. गुत्त्याच्या दरातच टेम्पोचं भाडं धरणं हा खरा मार्ग आहे, आणि तो मालक आणि मजूर यांनी हंगामाआधी बसून ठरवायचा आहे.

कॉलेजकडून काय होईल?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखालच्या कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दरवर्षी गावागावांत भरतात. झाडलोट आणि प्रभातफेरी होतेच. एका शिबिरात गावातल्या पांदण रस्त्यांलगतच्या, कठडा नसलेल्या विहिरींची यादी करा. फोटो आणि गट क्रमांकासह ती ग्रामसभेत ठेवा. पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे, तर रस्त्यालगतच्या विहिरीला कठडा किंवा निदान पांढरे रंगवलेले दगड त्याच कामात का नकोत, हे विचारा. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे, परभणीचं कृषी विद्यापीठ शेजारी. ‘दोन दिवस ट्रॅक्टर सुरक्षितता शिकवा’ असं पत्र तुमच्या कॉलेजनं पाठवायला पैसे लागत नाहीत.

पुढच्या वेळी ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य वाचाल, तेव्हा तिथं थांबू नका. ब्रेकची पट्टी जोडलेली होती का, विहिरीला कठडा होता का, चालवणाऱ्याला कोणी शिकवलं होतं का, ट्रॉलीतल्यांचा विमा होता का, हे चार प्रश्न विचारा. आणि त्याआधी, उद्या सकाळी तुमच्या अंगणातल्या ट्रॅक्टरला तेच विचारा.