क्षेम तागायत

दिवाळी जवळ आली, की नुकतेच लग्न झालेल्या घरी दिवाळसणाची बोलणी सुरू होतात. जावयाला काय द्यायचे, तो किती दिवस राहणार, त्याला बेसनाचा लाडू आवडतो की रव्याचा, अशी खलबते चालतात. आपल्या जुन्या लोकांनी जावयाला दहावा ग्रह म्हटले आहे. बाकीचे नऊ निदान राशी बदलतात. हा कायम कन्या राशीला!

ज्या घराण्याला नवे ग्रह नवीन नव्हते, अशा एका सासऱ्याची मला या दिवसांत हटकून आठवण होते. सर जॉन हर्शेल हे ते गृहस्थ. त्यांचे वडील विल्यम यांनी १७८१ साली युरेनस शोधला. जॉन स्वतः १८३४ ते १८३८ दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात राहून दक्षिणेचे आकाश न्याहाळत होते. पुढे न्यूटनने भूषविलेले इंग्लंडच्या टांकसाळीचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्यांची थोरली मुलगी कॅरोलाइन हिचे लग्न १८५२ साली अलेक्झांडर हॅमिल्टन-गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याशी झाले. व्याही लॉर्ड ॲबरडीन. ते त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडचे पंतप्रधान झाले. स्थळ चांगलेच होते म्हणायचे!

हर्शेल पत्रे लिहिण्यातही दांडगे. त्यांच्या पत्रव्यवहाराची जी सूची १९९८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळजवळ पंधरा हजार पत्रांची नोंद आहे. या पसाऱ्यात जावयाशी झालेला पत्रव्यवहारही आहे. असल्या पत्रांत मला मजकुराच्या आधी तारीख वाचावीशी वाटते. का, ते सांगतो.

मराठी शिकवताना जुनी पत्रे मुलांपुढे ठेवावी लागतात. त्यांत एक ठराविक वाक्य असते. 'येथील क्षेम' आणि पुढे 'तागायत' अमुक तिथी. मुले हसतात. क्षेम ते क्षेम, त्याला तिथी कशाला? पण त्या लिहिणाऱ्याला ठाऊक होते, की पत्र पोचायला दिवस लागणार. आपण त्या तिथीपर्यंत सुखरूप आहोत, एवढेच त्याला शपथेवर सांगता येत होते. पुढचे त्याच्या हाती नव्हते.

१८५४ साली इंग्लंड आणि फ्रान्स रशियाविरुद्ध क्रिमियात उतरले, आणि गॉर्डन त्या फौजेबरोबर गेले. तिकडचे पत्र लंडनला यायला दोन-तीन आठवडे लागत. मधल्या दिवसांत लढाई होऊन जाई. ५ नोव्हेंबरला इंकरमनला मोठी कत्तल झाली. अशा वेळी ३ तारखेला लिहिलेले 'मी खुशाल आहे' हे पत्र हाती पडले, तर बायकोने ते हृदयाशी धरावे की बाजूला ठेवावे? ताऱ्याचा जो प्रकाश आज डोळ्यांना दिसतो तो फार पूर्वी निघालेला असतो, हे हर्शेल यांना कुणी सांगायला नको होते. पण ताऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे कुणाची मुलगी दिलेली नसते.

१४ नोव्हेंबरला काळ्या समुद्रात भयंकर वादळ झाले. थंडीचे कपडे घेऊन आलेले 'प्रिन्स' नावाचे जहाज बालाक्लावापाशी बुडाले. ज्यांच्या गणितावरून नेपच्यून सापडला त्या फ्रान्सच्या लव्हेरिए यांनी पुढे या वादळाचा माग काढला. ते युरोप ओलांडून आले होते. तारायंत्राने आगाऊ सूचना देता आली असती. बातमी वाऱ्याच्या पुढे धावू शकत होती, पण तिला कुणी धाडलेच नाही! वार्ना ते बालाक्लावा अशी समुद्राच्या तळातून तार पडली ती एप्रिल १८५५ मध्ये.

तोवर इकडे घर हादरले होते. सैनिक लढाईपेक्षा थंडीने आणि रोगाने अधिक मरत होते. वर्तमानपत्रे रोज त्याचा पाढा वाचत होती. जानेवारीच्या अखेरीस पार्लमेंटने ३०५ विरुद्ध १४८ मतांनी चौकशीचा ठराव केला, आणि व्याही पंतप्रधानपदावरून उतरले. त्याच वर्षी हर्शेल यांची प्रकृती पार ढासळून त्यांनी टांकसाळ सोडली. पुढे पुरवठ्याच्या चौकशीचा अहवाल आला. कोट गोदामात असताना शिपाई का गारठले, या प्रश्नात ज्या अधिकाऱ्यांवर ठपका आला, त्यांत जावईही होते. ते क्वार्टरमास्टर जनरलच्या खात्यातच होते. १८५६ साली चेल्सीला सेनापतींचे मंडळ बसले आणि त्याने सर्वांना दोषमुक्त ठरवले.

मंडळाचा निकाल काही असो, मला त्या सासऱ्याचे वाटते. आयुष्यभर ज्याने निरीक्षणाला मोजमाप लावले, नोंदीची वेळ तपासल्याशिवाय ती मानली नाही, त्याच्यापुढे वर्तमानपत्र एक सांगत होते, अहवाल दुसरे, निकाल तिसरे. आणि घरात मुलगी. तिला कोणता पुरावा दाखवणार? जावयाच्या हातचे पत्र आणि त्यावरची तारीख, एवढीच नोंद घरातल्या माणसांना पुरत असावी.

गॉर्डन सुखरूप परतले, संसार झाला, पुढे ते पार्लमेंटातही गेले. गोष्ट गोड झाली, म्हणून आपण ती दिवाळीत सांगू शकतो.

आता दूरदेशीच्या जावयाचा चेहरा फराळाच्या ताटासमोर मोबाइलवर हसतो. तरीही सासूबाई रात्री झोपण्यापूर्वी त्याच्या नावाखाली 'शेवटचे पाहिले' किती वाजता, ते हळूच बघतात. वेळ दिसली, की दिवा मालवतात. आमच्या वर्गातल्या मुलांना मी आता तेच उदाहरण देतो. तागायत म्हणजे काय, ते त्यांना लगेच कळते.